पाटी मराठीत हवी

महापालिकेची नोटीस आली तेव्हा
कासारवडवलीच्या त्या काचेच्या हॉटेलवाल्याला
माझी आठवण झाली.
खोपटला माझं दुकान, दहा बाय आठ:
रेडियम, फ्लेक्स, लग्नपत्रिका,
‘कुत्र्यापासून सावध राहा’.
क्षितिज सामंत म्हणाला, काका,
अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान नकोत, दंड आहे.
लिहू काय?
म्हणाला, गॅस्ट्रोपब.

मी पेन्सिल खाली ठेवली.
बाबा रे, गॅस्ट्रो म्हणजे आपल्याकडे साथ.
गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले,
गॅस्ट्रोने तिघे दगावले,
पाणी उकळून प्या.
हे तू दारावर लावणार? वर लाइट सोडणार?

तो हसला. असा हसतो पोरगा
की रेट कमी सांगावासा वाटतो.
मी पर्याय दिले.
खानपानगृह. (रेल्वेचं वाटतं, काका.)
रसनालय. (काढा मिळेल असं वाटतं.)
मद्यभोजनालय म्हणताना तर मलाच
पंचनाम्याचा कागद दिसला.
शेवटी आहे तेच, देवनागरीत.
वर एक चंद्र दिला
की झालं मराठी.

पाटी चढली त्या संध्याकाळी
मला आत नेऊन उंच स्टुलावर बसवलं.
पाय अधांतरी.
शाळेत पहिल्या दिवशी बाकावर बसलो होतो तसे.
शेजारी चार मुली, गळ्यात अजून ऑफिसची कार्डं,
एकीचं प्रमोशन, दुसरीचं तोंड पडलेलं.
कपात मिसळ आली, कपावर पावाचं झाकण.
जवळ्याचं थालीपीठ, चार घासांचं,
चारशे ऐंशी.
मेनूकार्डात ऱ्हस्व-दीर्घ मीच तपासलेले
म्हणून किंमत पाठ होती.

बारवर निमा, दार्जिलिंगकडचा.
काका, काय देऊ?
म्हटलं, ज्याचा वास येत नाही असं काही.
घरी जायचंय.
त्याने ग्लासाची कड लिंबाने ओली केली,
मिठात उलटी टेकवली.
मग साखरेचा पाक, मोजून.
अर्धं लिंबू.
बाटलीतलं काय ते पाण्यासारखं.

आणि मी किसननगरात.
नळाला चार दिवस गढूळ येत होतं.
कुंदा सात वर्षांची, डोळे खोल गेलेले,
चिमटा काढला तर कातडी तशीच उभी.
दुधाणे सिस्टरने स्टोव्हवर पाणी उकळून निववलं,
तांब्या माझ्या हातात दिला.
मूठभर साखर. तीन बोटांची चिमूट मीठ.
लिंबू असलं तर पीळ.
आणि आधी चाखून बघ,
डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको.
मी दहा वर्षांचा.
डोळ्यातलं पाणी चाखायचं कसं कळेना.
आई तिकडे भिंतीला टेकून होती,
तिच्या गालाला बोट लावून आलो
आणि ते चोखलं.
मग तांब्यात पुन्हा पाणी घातलं.

रात्रभर चमच्याचमच्याने.
पहाटे कुंदाने मला एक शिवी दिली,
चाळीत ऐकलेली, पूर्ण, स्पष्ट.
आई म्हणाली, वाचली.
पलीकडच्या खोलीत कुणी असं म्हणालं नाही.

कसं झालंय, काका?
कडेवरचं मीठ जिभेला लागलं होतं.
मीठ जरा जास्त आहे, म्हटलं.
निमाने वाद घातला नाही, दुसरा केला.
आधी चाखून बघ, मी म्हणालो,
कशाच्या मापाने ते सांगितलं नाही.

बाहेर येऊन पाटीचा फोटो काढला.
चंद्राची ट्यूब मिणमिणत होती,
उद्या शिडी घेऊन यावं लागणार.
सामंतने पैसे घेतले नाहीत,
म्हणून माझ्या बिलात लिहिलं:
चंद्र दुरुस्ती, मोफत.
फोटो कुंदाला डोंबिवलीला पाठवला,
खाली लिहिलं, आत लिंबू-मीठ-साखर देतात,
साडेसहाशेला.

बराच वेळ नुसतं ‘टाइप करत आहे’.
मग आलं:
मला नाही नेलंस ते?
तुझ्याआधी मी प्यायलेय.